नळापर्यंतची रेष

४ डिसेंबर

साईट बदलली. जैसलमेरच्या पुढं कुठंतरी. नाव दोनदा विचारलं, तरी लक्षात राहिलं नाही. वाळू, खुरटी झुडपं, वारा. हितं सोलरच्या प्लेटा बसणार, पार नजर जाईल तिथपर्यंत. त्याआधी जमीन मोजायची ती आम्ही. सर ड्रोन उडवणार, रामधनी बेसपाशी, म्हणजे एका जागी रोवलेल्या मशीनपाशी बसणार, मी रोव्हर घेऊन हिंडणार. हिंडणार म्हणजे उभा राहणार. दांडा सरळ, बुडबुडा मधोमध, डोक्यावर जीपीएसची थाळी. स्क्रीनवर फिक्स आलं, म्हणजे जागा पक्की झाली, की पुढचा पॉइंट. तोवर हलायचं नाही. बाकी काय पण सांगा, हे हलायचं नाही तेवढं मला जमत नाही. रामधनी लांबून ओरडतो, "ए सोलापूर, नाच मत!"

सोलापूर म्हणजे मी. खरं गाव अक्कलकोटच्याही पुढं, पण ते त्या बिहाऱ्याला काय कळणार.

संध्याकाळी मल्लूचा फोन. थोरल्या काकाचा, दोड्डप्पाचा पोरगा; चुलतभाऊ म्हणून चिडवायचा हक्कच त्याला. आपल्या गावात पण ड्रोन येणार म्हणे, गावठाण मोजायला. आजवर कुणाच्या घराला कागद नव्हता, आता प्रत्येकाला प्रॉपर्टी कार्ड. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सांगितलं, ड्रोन यायच्या आधी आपापल्या जागेभोवती चुन्याची रेष मारून ठेवा, वरनं दिसली पाहिजे. रेष तीच हद्द.

"सिद्ध्या, तू दुनियेची जमीन मोजायलाय, आन तुझी मोजाय दुसराच येतोय बघ."

हसलो. मग झोप लागेपर्यंत तेच डोक्यात. परडं.

६ डिसें.

परड्याचं एकदा लिहून काढतो, डोकं मोकळं होईल.

आमचं घर, दोड्डप्पाचं घर, मधे परडं. आमच्या अंगाला आमचा कडबा, त्यांच्या अंगाला त्यांची म्हैस. मधे कडुनिंब आणि नळ. नळ अप्पा आणि दोड्डप्पा दोघांनी मिळून घेतलेला. सख्खे भाऊ, घराची वाटणी झाली, परड्याची कधी झालीच नाही. कुणी काढली नाही, कुणी मागितली नाही. आता अप्पा नाही. विचारायचं तर दोड्डप्पालाच. आणि त्याला कुणी विचारायचं?

मला तिथं दोन खोल्या टाकायच्यात. पत्र्याच्या का असेनात. दुधनीचे पाहुणे मुलीला घेऊन घर बघायला आले, तेव्हा चहा पिता पिता म्हणाले होते, "परड्याची जागा कुणाच्या नावावर?" अव्वा, आई माझी, म्हणाली, "हाय की आमचीच." ते मान हलवून गेले ते परत आले नाहीत. मुलगी बरी होती. भाग्यश्री. जाताना चपला शोधत होती तेव्हा माझ्याकडं बघून हसली, एवढंच.

खोल्या झाल्या तर मी परत जाईन. सोलापुरात पण मोजणीची कामं निघतात. जन्मभर का वाळूत उभं राहायचंय.

१० डिसें.

आज जमिनीवर चुन्याच्या फुल्या मारल्या. ड्रोनला वरनं खुणा दिसाव्यात म्हणून. दुपारी फोटो बघितले तर एका फुलीवर शेळी बसलेली, मस्त पाय दुमडून. सर म्हणाले, "अरे सिद्धू, ही शेळी कुठल्या कोऑर्डिनेटला आहे?" रामधनी हसून हसून लोळला. फुली परत मारली, ड्रोन परत उडाला.

अव्वाला फोन.

"ड्रोन म्हंजी ते लग्नातलं का रं? फोटू काढतंय ते?"

"तसलंच. पण सरकारी."

"मग चांगलं लुगडं नेसून बसावं लागंल की."

"तू नको दिसूस, रेष दिसू दे. चुना हाय का घरात?"

"हाय की. पानाचा."

तंबाखूच्या डबीतला चुना! मल्लूला सांगितलं, दुकानातनं पिशवी आणून दे.

१५ डिसें.

वारा. ड्रोन उडवलाच नाही. दिवसभर गाडीत. रामधनी झोपू शकतो, कुठंही, कसाही. मी दार उघडतो, लावतो, उघडतो. शेवटी सरांनी पाणी आणायला पाठवलं, पाणी होतं तरी.

हितल्या शेतांना बांध नाहीत. विचारलं एका म्हाताऱ्याला, तुझं कुठवर? त्यानं हात लांब केला आणि नुसता फिरवला. फिरवतच राहिला.

१८ डिसें.

उद्या-परवा गावात ड्रोन. मल्लू कामाला सोलापुरात, म्हणून अव्वालाच व्हिडिओ कॉल. एका हातात फोन, दुसऱ्या हातात चुन्याचं डबडं.

"कडुनिंबापासनं सुरू कर. डावीकडं ये."

"तुझ्या डाव्या का माझ्या?"

"अव्वा, डावी एकच असती."

"मग हात दाव."

दाखवला. ती उलटीकडं गेली. परत आणली. वाकून वाकून चुना सोडत होती, मधेच फोन खाली जायचा, नुसती जमीन दिसायची, तिचे पाय, भेगा.

"नळ आपल्यात घे."

ती थांबली. "आपल्यात म्हंजी?"

"रेष नळाच्या पलीकडनं ने."

"आरं, मग दोड्डव्वा पाणी कुठनं भरंल?"

"भरू दे की. नाही कोण म्हणतंय? कागदावर फक्त."

मग आभाळ दिसलं, मग पदर, मग रेष. वाकडीतिकडी, पण नळाच्या पलीकडनं. मी म्हणालो, लई भारी.

मागनं दोड्डव्वाचा, थोरल्या काकीचा आवाज आला, "काय गं, आजच रांगोळी?" अव्वा काय बोलली ते ऐकू आलं नाही. फोन बंद.

१९ डिसें.

आज येळवस, वेळ अमावस्या. गावात आज माणूस सापडायचा नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, त्यात पूजा, आंबील शिंपडत पिकाला फेरी. मग उंडे, भज्जी, शेंगापोळी. दोन्ही घरं दोड्डप्पाच्या ट्रॉलीत बसून जातात, मला कळतंय तेव्हापासनं. अप्पा गेला त्या वर्षी पण गेलो होतो.

हितं खिचडी. रामधनीला सांगितलं. म्हणाला, खायला शेतात कशाला जायचं, घरात काय धाड भरली? त्याला भज्जी सांगता येईना मला. सगळ्या भाज्या, सगळ्या डाळी, बेसन... नुसतं नाव घेतलं तर चव येत नाही.

अव्वाचा फोन लागत नाही. शेतात रेंज नसते.

२० डिसें.

सगळं बोंबललं.

ड्रोन कालच येऊन गेला. मोजणीची टीम बाहेरची, त्यांना येळवस काय माहीत. गाव मोकळं बघून खूश झाले असणार. पोरं नाहीत, गर्दी नाही. भर दुपारी उडवला आणि गेले. मल्लू सणाला गावी आलेला, तो सांगत होता, "शेतातनं वर बघितलं तर भुंगा फिरायलाय. पोरं ताटं टाकून पळाली." मग म्हणाला, "तुझी रेष कुठं रं? म्या सकाळी आलो तवा न्हवती."

लगेच अव्वाला लावला.

"रेष कुठाय?"

"सडा टाकला काल सकाळी."

"रेषेवर?"

"सणाचं सडा टाकायचा न्हाय व्हय?"

शेणाचा सडा. एक दिवस, एकच दिवस तेवढी जागा सोडायची होती.

पुढं मी काय बोललो ते लिहीत नाही. तिनं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "जेवलास का?" मी फोन ठेवला.

२४ डिसें.

घरी फोन नाही. तिचा आला, घेतला नाही.

फिक्स यायच्या आधीच पॉइंट घेतले, चार-पाच ठिकाणी. सरांना संध्याकाळी कळलं. "सिद्धू, हे पॉइंट तरंगतायत. लक्ष कुठाय तुझं?" उद्या परत सगळं.

शेळी बसली तरी ड्रोन परत उडवतात. आमच्या गावात कोण उडवणार?

२९ डिसें.

सुट्टी मागितली. सर म्हणाले, हा ब्लॉक संपव, मग जा.

रामधनीला सगळं सांगितलं. त्यानं विडी पुरी होईपर्यंत ऐकलं. मग एवढंच, "माँ है तेरी, पटवारी नहीं."

फोन केला. जेवलीस का, थंडी हाय का, म्हैस व्याली का. रेषेचं कुणीच काढलं नाही.

९ जाने.

मल्लूनं फोटो पाठवला. ग्रामपंचायतीत नकाशा लावलाय.

आमचं घर मी वरनं पहिल्यांदा बघितलं. रोज दुसऱ्यांची बघतो. पत्रे, पत्र्यावर ठेवलेले दगड, कडब्याची गंजी, दोड्डप्पाची म्हैस काळ्या ठिपक्याएवढी. नळ कडुनिंबाखाली झाकलाय. मोठा करून बघितलं, परत बघितलं. रेषेचा मागमूस नाही. दोन्ही घरं आणि परडं, सगळ्याभोवती एकच पिवळी रेघ. एकच नंबर.

"नाव कुणाचं?"

"मोकळंच हाय. चौकशीवाले घरोघर येणार हायत, तवा घालत्यात."

"कुणाला विचारणार?"

"मोठं कोण आसंल त्याला." मग त्यानंच, "म्हंजी आमच्या अप्पालाच की."

ब्लॉक अजून राहिलाय. सरांना सांगितलं, मी निघालो. ते म्हणाले, जा, पण परत ये.

१३ जाने.

सोलापूर. स्टेशनवर उतरलो तर कानावर मराठी, कन्नड, तेलुगू, सगळं एकदम. बरं वाटलं. गड्ड्याची यात्रा, स्टँडपर्यंत पांढऱ्या बाराबंदीतली माणसं. अप्पा मला खांद्यावर घेऊन नंदीध्वज दाखवायचा. थांबलो असतो. थांबलो नाही. अक्कलकोटची गाडी गच्च भरलेली, दारात उभा राहून आलो.

अव्वा दारातच. "ऊटा आतेन?" पोटाचं विचारायचं असलं की ती कन्नडच बोलते. जेवण झालं नव्हतं. तीळ लावून केलेल्या भाकऱ्या, वांगं, दही. खाता खाता विषय काढणार होतो. ती वाढत होती. राहिला.

१५ जाने.

नळावर दोड्डव्वा भेटली. घागर लावलेली.

"आईवर वरडलास म्हणं."

"नाही... हां, थोडं."

"सडा इसरून टाकला आसं वाटलं व्हय तुला?"

तिनं नळाखाली घागर सरळ केली.

"त्या दिवशी म्या ट्रॉलीत बसले. तिला हाक मारली न्हाय. तुझा दोड्डप्पा म्हणला, त्यास्नी बोलाव. म्या म्हणलं, वेगळी रेष वढलीया न्हवं, येतील वेगळे. तिनं ऐकलं दारातनं. घरापुढं सडा कवाच झाला हुता तिचा. परत शेण कालवलं, बादली घेतली, आन कडुनिंबापातूर सगळं सारखं केलं. मग पाटी डोक्यावर घिऊन ट्रॉलीत चढली. शेत येईपातूर तिनं माझा हात धरला हुता."

घागर भरून वाहत होती. दोघांच्याही लक्षात आलं नाही.

अव्वाला विचारलं, "मुद्दाम टाकलास?"

ती ज्वारी पाखडत होती. "उंडे तिच्याकडं, भज्जी माझ्याकडं. वेगळं बसून काय खाणार हुतो?"

"आणि खोल्या?"

"खोल्या पायजेतच की." सूप थांबलं नाही.

म्हणजे काय. म्हणजे काय करू मी.

१६ जाने.

अक्कलकोटच्या मोजणी ऑफिसात. बाई बरी होती, सरळ बोलली. "एकत्र नंबर पडलाय. वेगळा पाहिजे तर चौकशीच्या दिवशी दोघांनी जागेवर हद्द दाखवायची. चुना मारून ठेवा. एकमत असेल तर लगेच रेघ पडेल. नसेल तर वाद म्हणून लिहू. मग किती दिवस लागतील मी सांगत नाही."

"माणूस कामाला लांब असेल तर?"

"घरचं कोणी?"

"आई."

"मग आईला विचारू."

येताना गाडीत ठरवलं, दोड्डप्पाशी आजच बोलायचं. घरी आलो तर तो म्हशीला पाणी दाखवत होता. म्हणाला, "आलास?" मी म्हणालो, "आलो." झालं बोलणं.

१८ जाने.

सकाळी दोड्डप्पाच आला. हातात घमेलं, घमेल्यात चुना. माझ्यापुढं ठेवलं.

"वढ."

"काय?"

"रेष. तू मोजणीचा माणूस हायस. बायकांनी वाकडी वढायची, पुसायची, हे न्हाय बरं दिसत. तूच वढ."

"तुम्ही सांगा कुठनं."

"म्या न्हाय सांगणार. सांगायचं आसतं तर तुझा बाप हुता तवाच सांगितलं आसतं." कट्ट्यावर जाऊन बसला, पाय वर घेऊन. "तू वढशील त्याच्यावर सही करीन. जा."

एवढं सोपं करून टाकलं त्यानं. किंवा एवढं अवघड.

मल्लू दात घासत बघत होता. अव्वा दारात. कडुनिंबापासनं सुरू केली. हात बसलाय आता, सरळ गेली. मल्लू फेस थुंकून म्हणाला, "सुतात हाय रं सिद्ध्या!" नळापर्यंत आलो.

नळाला दोड्डव्वाची घागर. खाली धुण्याचा दगड. त्या दगडावर अर्ध्या बाजूनं अव्वा धुणार, अर्ध्या बाजूनं ती. अलीकडनं नेली तर नळ त्यांचा. पलीकडनं नेली तर आमचा. मधनं न्यायची तर दगड उचलायला पाहिजे. मी वाकलेलाच. मूठ भरलेली. हातात दांडा नाही, बुडबुडा नाही. स्क्रीन असती तर सांगितलं असतं तरी, आलं, घे.

"भरू दे घागर, मग वढ," दोड्डव्वा म्हणाली.

घागर भरली. तिनं उचलली. मी तिथंच.

दोड्डप्पा कट्ट्यावरनं, "काय झालं? जीपीएस लागंना व्हय?"

मल्लू हसला. दोड्डप्पा हसला नाही.

अव्वा म्हणाली, "भाकरी निवायलीया. या दोघंबी."

मुठीतला चुना घमेल्यात टाकला, हात धुतले त्याच नळावर, आत गेलो. दोड्डप्पा पण आला. जेवताना ऊस, पाणी, साखर कारखाना. रेष अर्धीच.

१९ जाने.

सरांचे फोनवर फोन. निघालो. अव्वानं कडक भाकरी, शेंगाचटणी बांधून दिली, रामधनीला वेगळी पुडी. "त्याला सांग, तिखट हाय."

दोड्डप्पा फाट्यापर्यंत आला. "परत कवा?"

"काम संपलं की."

"तुमचं काम कवा संपायचं? जमीन लई हाय." गाडी आली. खिडकीतनं माझी पिशवी त्यानंच आत दिली. मग खालनं, गाडी हलता हलता, "नळ तुमच्यात घेतलास तरी चालंल रं. म्या कुटं जाणार हाय पाणी प्यायला?"

बोलायला तोंड उघडलं तोवर फाटा मागं गेला.

मोहोळ येईपर्यंत मनात रेष ओढत होतो. अलीकडनं. पलीकडनं. परत अलीकडनं.

६ फेब्रु.

परत वाळू. रामधनीनं चटणी भातावर घेतली, डोळ्यांतनं पाणी, तरी परत घेतली. सरांनी फक्त नवा ब्लॉक दिला.

दुधनीकरांचा निरोप आला, मल्लूच्या मार्फत. कार्ड झालं की कळवा. म्हणजे मुलगी अजून...

चौकशीवाले सोमवारी येणार, भोंग्यावर सांगितलं. आज शुक्रवार. आजच निघालो तर पोचेन. आता निघालो तर.

दुपारी मल्लूकडनं फोटो मागवला परड्याचा, तो आज घरीच. सकाळचाच काढलेला. सडा टाकलाय, ओला दिसतोय. पण कडुनिंबापासनं नळापर्यंत माझी रेष तशीच. अव्वानं दोन्ही बाजूनं सडा टाकलाय, रेष तेवढी सोडून. नळाच्या पुढं मात्र सगळं सारखं.

खूप वेळ बघत बसलो. रामधनी बेसपाशी ओरडत होता, "सोलापूर! चल, टाइम हो गया!" दांडा उचलला. परत ठेवला. सर गाडीपाशी होते. तिकडं दोन पावलं गेलो, परत आलो.

मल्लूला लावला. "नळाच्या पुढची रेष कोण वढणार, विचार अव्वाला."

त्यानं तिथनंच हाक मारली. तिचं बोलणं मला नीट ऐकू आलं नाही. वारा होता.

"काय म्हणती?"

"म्हणती, तू येईपातूर चुना झाकून ठिवलाय."